अण्णांचं कोरडं स्पिरिट

पुण्यातला फ्लॅट, आजोबांचं टेबल आणि दुकानातून आणलेली एक बाटली. त्यातून निघालेली ही वैरागची गोष्ट...

परवाच्या जुलैत मी एक उद्योग केला. गावाकडून आणलेल्या आजोबांच्या टेबलाला स्वतः पॉलिश करायला घेतलं. आता तुम्ही म्हणाल, फ्रीलान्सरला वेळच वेळ. तर तसं नाही. डेडलाइन डोक्यावर असली की मला हमखास घर आवरायची हुक्की येते. त्यात वर्क फ्रॉम होम. समोर ते टेबल. त्याच टेबलावर मी दहावी केली, बारावी केली आणि कोपऱ्यात करकटकाने आपलं नाव कोरून आईचा मारही खाल्ला. म्हटलं, चला, याला चकाचक करू.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाखेची चपडी आणली. स्पिरिटची बाटली घरात होतीच, जूनमध्ये फोडलेली. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. कापसावर मलमल गुंडाळून पोटली केली आणि सुरू! पहिला हात मस्त बसला. दुसरा त्याहून मस्त. चहा करून परत आले तर टेबलावर पांढुरकी साय धरलेली. आरशावर वाफ बसावी तशी. पुसून पाहिली, जाईना. वरून तिसरा हात मारला, तर अजूनच पांढरं.

शेवटी जे करायचं टाळत होते तेच केलं. वैरागला फोन लावला.

"पाणी शिरलंय त्यात," अण्णा म्हणाले. फोटोसुद्धा बघितला नव्हता त्यांनी. "बाटली कवा फोडलीस?"

"जूनमध्ये."

"झाकण?"

मी गप्प. झाकण कधीच हरवलं होतं. बाटलीच्या तोंडाला मी टिश्यू पेपरचा बोळा खोचला होता.

"स्पिरिट कोरडं पाहिजे बाळा," ते म्हणाले. "ओलं स्पिरिट म्हंजे कामाचा सत्यानास."

ओलं स्पिरिट, कोरडं स्पिरिट

लहानपणी हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. आणि हजार वेळा हसलेय. स्पिरिट पातळ असतं, सांडलं की हात ओला होतो, मग ते कोरडं कसं?

अण्णा पॉलिशवाले. बार्शी तालुक्यातलं वैराग, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आता नगरपंचायत झालीय, तेव्हा ग्रामपंचायत होती. पंचक्रोशीतल्या वाड्यांचे दरवाजे, देव्हारे, लग्नातली कपाटं आणि पलंग अण्णांच्या हाताखालून जायचे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा सोपा. शाळेतून आलं की नाकात आधी स्पिरिटचा वास शिरायचा, मग आईच्या फोडणीचा.

फ्रेंच पॉलिश म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडून जातं, लाख लाकडावर राहते. पण स्पिरिटला एक खोड आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण उघडं राहिलं की पावसाळी हवा हळूहळू त्यात उतरते. शिवाय ते उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार करतं. ओलसर दिवस असला की गार पृष्ठभागावर दंव धरतं. हे पाणी लाखेच्या थरात अडकतं आणि पांढरी साय दिसते. माझ्या टेबलावर दोन्ही गोष्टी एकदम झाल्या होत्या. बाटलीही ओली आणि जुलैही ओला.

तेव्हा अर्थातच हे विज्ञान मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होता तो अण्णांचा मोरचुदाचा खेळ.

आमच्याकडे द्राक्षबागा भरपूर. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि कळीचा चुना कुठल्याही शेती दुकानात मिळायचा. अण्णा मोरचुदाचे निळे खडे कुटून तव्यावर भाजायचे. निळी पूड भाजत भाजत पांढरीफटक व्हायची. खड्यातलं पाणी निघून गेलं की निळा रंगही जातो. ही पांढरी पूड ते घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवायचे. नवीन स्पिरिट आलं की काचेच्या वाटीत थोडं घ्यायचं आणि वर पूड टाकायची. स्पिरिटमध्ये पाणी असेल तर पूड पुन्हा निळी. किती निळी आणि किती लवकर, यावर निकाल. फिकट आकाशी चालायचं. मोरपंखी झालं की कॅन दुकानदाराला परत.

पहिल्यांदा हा प्रयोग त्यांनी आईच्या भाकरीच्या तव्यावर केला होता म्हणे. मोरचूद विषारी. आईने तो तवा उकिरड्यावर फेकला आणि दोन दिवस अबोला धरला. त्यानंतर दुकानाचा तवा वेगळा झाला.

आजोबांची तऱ्हा आणखी जुनी. ते स्पिरिटमध्ये कळीच्या चुन्याचे खडे टाकून दोन रात्री ठेवायचे आणि वरचं हलक्या हाताने ओतून घ्यायचे. चुना पाण्याचा भुकेला, पाणी पिऊन फुलतो. पण चुन्याचा अंश स्पिरिटमध्ये राहिला तर लाख काळपट पडते. म्हणून अण्णांनी ती पद्धत सोडली. "पाणी काढाय गेलो आन् दुसरं कायतर घालून बसलो, असं नको," हे त्यांचं म्हणणं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

'फादर्स ऑक्युपेशन?'

आता एक कबुली. मास कॉमला अॅडमिशन घेतली तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिलं, 'बिझनेस'. होस्टेलच्या मैत्रिणींना सांगितलं, 'फर्निचरचा बिझनेस आहे.' पुढच्या इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत तर मी 'वूड फिनिशिंग' म्हणाले होते! खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

अण्णांनी मला कधी पोटली हातात धरू दिली नाही, हे मला तेव्हा सोयीचंच वाटलं. शिकायचं बघ, म्हणायचे. स्पिरिटचं कपाट कायम कुलूपबंद आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मला वाटायचं, मुलगी म्हणून शिकवत नाहीत. मनात थोडा राग होता आणि थोडी सुटकाही. मधे पीयू आणि मेलामाइनचा जमाना आला. अण्णांनी थिनरवर काम करून पाहिलं. खोकला लागला, डोकं धरायला लागलं. डॉक्टरांनी थिनर बंद करायला सांगितलं. ते पुन्हा लाखेकडे वळले, पण तोवर गिऱ्हाईक रेडिमेड फर्निचरकडे गेलं होतं. आता वर्षाकाठी चार-दोन देव्हारे आणि एखाद्या जुन्या वाड्याचा दरवाजा. बस्स.

पाणी शोधायची नोकरी

टेबलाचं दुःख मी शाळेतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती एमएस्सी केमिस्ट्री. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ती खो खो हसली. म्हणाली, "अगं, माझी अख्खी नोकरीच ही आहे. सॉल्व्हंटमधलं पाणी शोधायचं."

सॉल्व्हंट म्हणजे दुसऱ्याला विरघळवणारं द्रव. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन, सगळी त्याच खानदानातली. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आणि शेंगाचटणी आठवते, पण हा भाग सॉल्व्हंटचाही आहे. तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीला आणि चिंचोळीला बालाजी अमाइन्सचे कारखाने आहेत. तिथे बनणारं डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट औषधांपासून कृत्रिम चामड्यापर्यंत कुठे कुठे लागतं. औषधाच्या एखाद्या रिअॅक्शनमध्ये पाण्याचा शिरकाव झाला तर अख्खी बॅच वाया जाऊ शकते. म्हणून प्रत्येक ड्रमचं पाणी मोजायचं. दहा लाखात किती भाग, इतकं बारीक. ही चाचणी जर्मन केमिस्ट कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये शोधली आणि आजही त्यांच्याच नावाने चालते.

मला गंमत वाटली. आमच्या जिल्ह्यात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाळ्यात टँकर, शेतात बोअरवर बोअर. अख्खा जिल्हा पाणी शोधतोय आणि ही बया पाणी सापडलं की ड्रम नापास करते!

तिच्याकडून कळलेली गोष्ट अशी, की पाणी काढायचं सगळ्यांसाठी एकच औषध नसतं. कॅल्शियम क्लोराइड पाणी झकास शोषतं, पण स्पिरिटला चालत नाही, कारण ते स्पिरिटलाच धरून बसतं. अॅसिटोनला तीव्र अल्कली दाखवली की त्याचे कण एकमेकांनाच जोडले जातात आणि वेगळंच काहीतरी तयार होतं. ईथर तर भलतंच बेरकी. उघडं पडून राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि तसंच आटवायला घेतलं तर स्फोट होऊ शकतो. एमएस्सीच्या लॅबमध्ये टीएचएफ नावाचं सॉल्व्हंट सोडियम आणि बेंझोफिनोन घालून उकळायचे. ते पूर्ण कोरडं झालं की गडद निळं व्हायचं.

"निळं?" मी विचारलं. "अण्णांच्या वाटीत निळं झालं की ओलं असतं."

"आमच्याकडे निळं झालं की कोरडं," ती म्हणाली. "रंग तोच, निकाल उलटा. कशात काय घातलंय ते माहीत नसेल तर रंगावर विश्वास ठेवायचा नाही."

मग मी बावळटासारखा प्रश्न विचारला. स्पिरिट उकळून, वाफ गार करून पाणी वेगळं नाही का काढता येत? येतं, पण एका हद्दीपर्यंत. वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांना अल्कोहोल आणि पाणी हातात हात घालून एकत्रच उकळायला लागतात. मग कितीही वेळा डिस्टिलेशन करा, जोडी फुटत नाही. ती फोडायला मॉलिक्युलर सिव्ह लागते. हे छोटे मातकट मणी असतात, आत अतिसूक्ष्म भोकं. तीन अँगस्ट्रॉमच्या मण्यांची भोकं तीन अँगस्ट्रॉमची, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश! पाण्याचा कण त्या भोकातून आत शिरतो आणि अडकतो. अल्कोहोलचा कण मोठा, तो बाहेरच राहतो. मणी तापवले की पाणी सोडतात, पुन्हा वापरायला तयार. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी निघते ना, तिचेच हे हुशार चुलतभाऊ.

आणि हे प्रकरण तुमच्या-माझ्या अॅक्टिव्हापर्यंत येतं, बरं का. आमच्याकडचे साखर कारखाने मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल काढतात. पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल जवळजवळ पूर्ण कोरडं लागतं आणि तिथेही हेच मणी वापरतात. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. टाकीत पावसाचं पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी सूत जमवतं आणि दोघं तळाशी जाऊन बसतात. मग सिग्नलवर गाडी का बंद पडली म्हणून आपण मेकॅनिकला शिव्या घालतो. पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसतंय ना, तेवढं बघा.

कुलपामागची गोष्ट

गणपतीला गावी गेले तेव्हा मैत्रिणीने सोलापूरच्या सायन्सच्या दुकानातून मण्यांचा सीलबंद डबा घेऊन दिला. मी तो मोठ्या ऐटीत अण्णांसमोर ठेवला. त्यांनी दोन मणी तळहातावर घेतले आणि चष्मा कपाळावर चढवून बघत बसले. काही बोलले नाहीत. कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि एक लिटर स्पिरिट काचेच्या बरणीत ओतलं. आम्ही त्यात अर्धा किलो मणी घातले आणि झाकण घट्ट लावलं. चार दिवस बरणी कपाटात. अण्णा रोज सकाळी पूजेआधी ती एकदा हलवून यायचे.

पाचव्या दिवशी गाळून वाटीत घेतलं. मोरचुदाची पांढरी पूड टाकली.

पांढरीच राहिली.

एक मिनिट. पाच मिनिटं. आईपण हात पुसत येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत अण्णांनी फिकट आकाशी पाहिलं होतं, पण पांढरंच राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. अण्णांनी विचारलं,

"ह्यानं इख बी निघतं का?"

मला आधी कळेना. मग आईने खाली बघितलं आणि मला मामा आठवले.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. दुकानात घासकामाला होते, मी त्यांना मामा म्हणायचे. शाळेत जाताना माझं दप्तर वेशीपर्यंत घेऊन यायचे. मी पाचवीत असताना ते एकाएकी कामाला यायचे बंद झाले. 'डोळे आले' असं मला सांगितलं होतं. नंतर ते काठी घेऊन दिसायचे आणि माझ्या हाकेवर भलत्याच दिशेला मान वळवायचे.

खरी गोष्ट त्या दिवशी कळली. मामांना दारूची सवय होती. अण्णांना ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "मालक, तुमी पाणी काढताव त्यातलं. तसंच इख काढून द्या की. कुणाला कळतंय?" अण्णा हसण्यावारी न्यायचे. एका रात्री मामांनी भाजलेल्या मोरचुदाची बाटली आणि स्पिरिट दोन्ही उचललं. पूड टाकली, निळी झाली, फडक्याने गाळलं. त्यांच्या हिशेबाने सगळी घाण त्या निळ्या गाळात गेली होती. वरचं प्यायले. सकाळी डोळ्यांपुढे धुकं. बार्शीला नेलं तोवर उशीर झाला होता. जीव वाचला, नजर गेली.

बाजारातलं स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्यं मिसळतात. मिथेनॉल हे त्यातलं एक. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, तिथेही मिथेनॉलच होतं. त्याला वेगळा रंग नाही. स्पिरिटपासून ओळखू येईल असा वासही नाही.

तेव्हापासून कपाटाला कुलूप. तेव्हापासून अण्णांनी एकही पोरगं हाताखाली घेतलं नाही. मुलीलाही शिकवलं नाही. "माझाच खेळ बघून शिकला त्यो," ते म्हणाले. "मी पाणी काढतोय म्हंजे शुद्धच करतोय, असं वाटलं त्याला. मलाबी कधीमधी वाटायचं, आपल्याला यीत असतं तर? एकदा नीट करून दिलं असतं तर डोळं वाचलं असतं त्याचं."

इतकी वर्षं हा माणूस हा प्रश्न कमरेला किल्लीसारखा बांधून फिरत होता. आणि मी काय करत होते? तर 'वूड फिनिशिंग' म्हणत होते.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "ह्याने पाणी निघतं फक्त. मिथेनॉलचा कण ह्या भोकात मावत नाही. मोरचुदाने नाही, चुन्याने नाही, फडक्यानेही नाही. घरी कुणालाच काढता येत नाही. तुम्हालाही आलं नसतं."

ते बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. "मंजे कोरडं वेगळं आन् शुद्ध वेगळं," एवढंच म्हणाले. मग आईला चहा टाकायला सांगितला.

हलका हात

टेबल ठीक झालं. मी पुण्याला निघताना अण्णांनी कोरड्या स्पिरिटची छोटी बाटली बांधून दिली. बुचाला मेण आणि वर लेबल, 'विष. पॉलिशसाठी.' कृती फोनवर सांगितली. ऊन पडेल तो दिवस धर. खिडक्या उघड. गॅस बंद. पोटली नुसती दमट कर, पिळून पाणी गळेल इतकी नको. टेबलावरून विमान उतरावं तशी पोटली टेकव आणि थांबू नको. थांबलीस की डाग.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी केलं. साय विरत गेली आणि खालून सागाच्या रेषा वर आल्या. कोपऱ्यात कोरलेलं माझं नावही. ते मी घासून काढलं नाही.

दिवाळीत गावी गेले तेव्हा कपाटाला कुलूप होतंच. ते असायलाच हवं. फक्त किल्ली अण्णांच्या कमरेला नव्हती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "देव्हारा आलाय एक सोनाराकडचा. सावकाश करू. आदी पूड टाकून बघ."

एक राहिलंच. मागच्या महिन्यात एका फेलोशिपचा फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय. या वेळी थांबावं लागलं नाही. लिहिलं, 'पॉलिशवाले, वैराग.'

घरात स्पिरिट, थिनर, रिमूव्हर असेल तर...

• गरजेपुरतीच छोटी बाटली आणा. वापरून झाली की लगेच घट्ट झाकण. उघड्या बाटलीतलं स्पिरिट हवेतलं पाणी ओढतं.

• कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. मूळ डबा, मूळ लेबल, मुलांच्या हाताला येणार नाही अशी जागा.

• थिनर हे मिश्रण असतं आणि कंपनीगणिक बदलतं. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

• काम करताना खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, उदबत्ती, सिगारेट बंद. स्वयंपाकघरात सॉल्व्हंट तापवणं किंवा आटवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

• भिजलेली फडकी गोळा करून कोंबून ठेवू नका, आधी मोकळ्या हवेत वाळवा. उरलेलं द्रव मोरीत ओतू नका.

• गाळून, उकळून किंवा काहीही टाकून स्पिरिट पिण्यायोग्य होत नाही. कुणी प्यायल्याचा नुसता संशय आला तरी डोळे धूसर व्हायची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.